आत्याला गडावर नेताना

जेजुरीला पहिल्या पायरीला हात लावून आत्यानं तो कपाळाला टेकवला आणि तिथंच प्रसादाच्या दुकानासमोर बाकड्यावर बसली. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. "जावा तुम्ही वर. मी चपला राखते," म्हणाली. निघायच्या आधी मी तिचा एक फोटो काढला. फोटोपुरती काठी टेकून उभी, डोक्यावर दुकानाची निळी ताडपत्री, मागे खोबऱ्याच्या वाट्यांची रास. वर गडावर दीपमाळेपुढे आम्हा अकरा जणांचा फोटो एका अनोळखी भाविकानं काढून दिला. तोवर 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत भंडारा उधळून झाला होता आणि लहानथोर सगळे हळदीनं माखलेले होते.

आठवड्यानं आत्याचा फोन आला. सुनेच्या मोबाईलवर तिनं तो फोटो पाहिला होता. "मला बी घे की त्यात. शेजारचं पोरगं म्हणतंय, मोबाईलवर हुतंय. फुकटात."

तिच्या मागणीत तिला काही वावगं वाटत नव्हतं, आणि का वाटावं? तिच्या सोप्यात माझ्या आजी-आजोबांचा जो फोटो आहे, तोही असाच जोडलेला. दोघं कॅमेऱ्यापुढं एकत्र कधी बसलेच नाहीत. आजोबा गेल्यावर तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं त्यांचा ओळखपत्राचा फोटो आणि कुणाच्या तरी लग्नातली आजी कात्रीनं कापून शेजारी चिकटवली, सांध्यावर ब्रश फिरवला आणि पुन्हा एकदा फोटो काढला. जन्मात कधी कोट न घातलेले आजोबा त्यात काळ्या कोटात आहेत. कोट रंगवलेला आहे. जवळ जाऊन पाहिलं तर त्याला एकच बाही नीट जमली आहे.

खरं तर ही खोड जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरनं तीसेक निगेटिव्ह जोडून एकच मोठा फोटो छापला आणि राणी व्हिक्टोरियानं त्याची प्रत विकत घेतली. त्याला सहा आठवडे लागले होते. मला दोन संध्याकाळी लागल्या, त्याही एका आत्यासाठी.

अ‍ॅप फुकटचं होतं. म्हणजे पैसे नव्हते, पण फोटो सेव्ह करायला गेलं की आधी तीस सेकंद रमीची जाहिरात. आत्याचा फोटो उघडला, 'माणूस' या खुणेवर बोट ठेवलं आणि क्षणात तिच्याभोवतीचं दुकान, ताडपत्री, रस्ता सगळं नाहीसं झालं. त्या जागी करड्या-पांढऱ्या चौकटी आल्या. त्या चौकटी म्हणजे 'इथं काहीच नाही' असं सांगायची खूण. खोबऱ्याची अर्धी रास मात्र आत्याच्या कमरेला चिकटून तशीच राहिली, आणि काठी गेली! हातातली मूठ वळलेली, आणि मुठीत हवा.

हे असं का होतं ते समजून घेतल्यावर माझा राग थोडा उतरला. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी 'ग्रॅबकट' नावाची रीत मांडली होती. तिच्यात आपण हव्या त्या वस्तूभोवती एक चौकोन काढायचा. संगणक चौकोनाच्या आतले आणि बाहेरचे रंग ताडून पाहणार आणि कापायची रेघ स्वतः शोधणार. आताची अ‍ॅप्स नुसत्या रंगांवर जात नाहीत. असंख्य फोटो दाखवून त्यांना माणूस ओळखायला शिकवलेलं असतं. फोटोतल्या एकेका ठिपक्याला ती विचारतात, तू माणसाचा की मागच्या भिंतीचा? पण काठी माणसाची असते, हे कुणी त्यांना शिकवलेलं नसावं.

मग हातकाम. अ‍ॅपमध्ये दोन ब्रश असतात, एक खोडायचा आणि एक खोडलेलं परत आणायचा. दोन बोटांनी चित्र मोठं करायचं, इतकं की आत्याचं मनगट सगळ्या पडद्यावर पसरेल, आणि एका बोटानं कड घासत जायची. अडचण अशी की जिथं कापायचं नेमकं तेच बोटाखाली झाकलं जातं. त्यावर या अ‍ॅपवाल्यांनी छान तोड काढली आहे. ब्रशचा ठिपका बोटाच्या जरा वर ठेवतात. बोट खाली सरकतं, काम वर होतं. विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढताना हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे असते, तसं. पहिली दहा मिनिटं मी आत्याचा कानच खोडत होतो.

काठी परत आली. पदराची किनार आली. केसांपाशी मात्र मी हरलो. वाऱ्यानं सुटलेल्या चार बटा, त्यांतला एकेक केस एका ठिपक्याहूनही बारीक. म्हणजे त्या ठिपक्यात थोडा केस आणि थोडी निळी ताडपत्री मिसळलेली. ठेवला तर डोक्याभोवती निळसर वलय दिसतं, काढला तर डोकं पुठ्ठ्यातून कापल्यासारखं. बटा काढल्या, कड थोडी मऊ केली आणि पुढं गेलो.

कापलेली आत्या पीएनजी म्हणून सेव्ह केली. जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही, तो रिकामी जागा रंगानं भरून टाकतो. गडावरचा मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला होता, म्हणजे वाटेत आक्रसून. तो पुन्हा 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला. सहा बाय आठ इंची छापायचा तर इंचाला तीनशे ठिपके धरून अठराशे बाय चोवीसशे तरी हवेत.

आता उभं कुठं करायचं? रांगेच्या टोकाला बाबांच्या शेजारी जागा होती, तिच्या सख्ख्या भावाशेजारी. तिथं पुढं दोन नातवंडं मांडी घालून बसलेली, त्यामुळं तिचे पाय झाकले जाणार होते. हे बरं झालं, कारण पायांत चपला होत्या आणि गडावर आम्ही सगळे अनवाणी. पण आत्याला नुसतं फोटोवर ठेवलं तर ती नातवंडांच्या अंगावर उभी दिसते. म्हणून त्या दोघांनाही वेगळं कापून तिच्यावर ठेवलं. तळाशी गड, मध्ये आत्या, वर पोरं. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे हे थर. फोटोशॉप आलं १९९० साली, पण थरांची सोय त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी एकदा चिकटवलेलं पुन्हा उचलता येत नसे. आमच्या स्टुडिओवाल्यासारखंच.

उंचीला माप बाबांच्या कानाचं. लहानपणापासून त्यांच्या शेजारी तिला पाहत आलोय, डोकं कुठवर पोचतं ते मला पाठ आहे. अ‍ॅपमध्ये ती आधी बाबांहून वीतभर उंच आली होती आणि दोघंही ओळखू येईनात. मग रंग. ताडपत्रीखाली ती निळी पडली होती, तिला उबदारपणाची पट्टी सरकवून उन्हात आणलं. गडावर ऊन डावीकडून होतं, तिच्या तोंडावर ते कुठूनच नव्हतं. डाव्या गालावर उजेड वाढवला. बाबांच्या दंडावर तिची पुसटशी सावली टाकली. ती टाकल्यावर पहिल्यांदा ती तिथं 'आली'.

रविवारी तिच्या गावी जाऊन फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा शोधला, पुसला, फोन लांब धरला, जवळ घेतला. सून म्हणाली, अगदी खरा वाटतो. मी फुशारलो होतो.

"समद्यांच्या तोंडाला भंडारा हाय," आत्या म्हणाली, "आन् मी कोरीच."

दोन संध्याकाळी मी त्या फोटोच्या कडेकडेनं फिरलो होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. अकरा कपाळं पिवळी. फरशीवर सांडलेल्या भंडाऱ्यावरून परतलेल्या उजेडानं सगळ्यांच्या हनुवट्याही खालून पिवळसर. त्यांच्यात ती एकटी, न्हाऊन आल्यासारखी.

"त्यात काय, आत्ता लावतो," म्हणत मी ब्रश काढला, हळदीचा रंग निवडला आणि तिच्या कपाळाकडे बोट नेलं. तिनं फोन बाजूला ओढला.

"तसला नगं."

"अगं, दिसायला सारखाच दिसेल."

"दिसंल. पर द्येवाचा हाय का त्यो?"

सगळ्यांत तुला उभी केली ते चालतं आणि हे चालत नाही, असं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ती तोवर आत गेली. देव्हाऱ्यातली आम्हीच आणून दिलेली प्रसादाची पुडी सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. मग बाहेर आली ती कपाळभर भंडारा लावून, थोडा गालांवरही. केस तेल घालून चापून बसवलेले. बटांनी मला किती छळलं हे मी मघाशी सुनेला सांगत होतो, ते तिनं ऐकलेलं दिसलं.

"ऊन कुठल्या अंगाला पायजे?"

मी फोटो पुन्हा पाहिला, अंगणात तिला हाताला धरून फिरवली, तिच्या डाव्या-उजव्याची आणि फोटोतल्या डाव्या-उजव्याची गल्लत निस्तरली. मागे चुन्याची पांढरी भिंत आली, कापायला सोपी. फोन तिच्या छातीच्या उंचीला धरला, गडावरच्या त्या भाविकानं धरला असेल तसा.

"थांब," म्हणाली, आणि भिंतीला हात टेकून चपला काढायला लागली.

"आत्या, पाय दिसणार नाहीत. पुढं पोरं बसलीत."

तिनं एक चपल काढली, मग दुसरी. दोन्ही पायानं बाजूला सारल्या आणि काठी सरळ धरली.