पळण्याची लाच

पहाटेचं मोकळं मैदान. पट्ट्याला तीन वर्षांचा कारवान कुत्रा. पट्टा काढला रे काढला की हा बदामी बाण सुटलाच! तुम्ही हाका मारताय, बिस्किटाचा पुडा खुळखुळवताय आणि साहेब ढिम्म. अर्ध्या तासाने तुम्ही घामाघूम होऊन बसता आणि मनाशी म्हणता, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आता या वयात हा काय शिकणार?

थांबा. आधी तो पळतो कसा, ते तर बघा!

सशामागे दख्खनचे माळ तुडवावेत म्हणूनच ही जात पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. भरधाव घोड्याचे चारही पाय एका झेपेत एकदाच हवेत असतात. या कुत्र्याचे दोनदा! एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा अंग पुढेमागे पार ताणलेलं असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो. आणि आत काय चाललेलं असतं? प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, तांबड्या रक्तपेशींचा साठा धरून असते. धाव सुरू होताच ती आकसते आणि तो साठा रक्तात ओतते. प्राणवायू वाहणाऱ्या हमालांची राखीव तुकडीच कामाला लागते म्हणा ना!

आता सांगा, ज्याचं सगळं शरीर असं धावेसाठी घडलंय, त्याला त्या क्षणी बिस्किटाची काय मातब्बरी?

मग त्याला द्यायचं तरी काय? याचं उत्तर उंदरांनी दिलंय. डेव्हिड प्रेमॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1962 मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. तहानलेला उंदीर पाण्यासाठी चाकात पळतो, यात नवल नाही. प्रेमॅकने डाव उलटा टाकला. पाणी हवं तेवढं ठेवलं आणि चाक मात्र अडवून धरलं. चाक मोकळं व्हायचं असेल तर आधी पाणी प्यायचं. आणि काय आश्चर्य, पळायला मिळावं म्हणून उंदीर जास्तीचं पाणी पिऊ लागले!

म्हणजे बक्षीस ही वस्तूच असावी लागत नाही. त्या घडीला जे करावंसं वाटतं, तेच कमी आवडत्या कामाची मजुरी होऊ शकतं. ‘आधी पाढे, मग गोष्ट’ म्हणणाऱ्या आज्यांना हे कधीपासून ठाऊक होतं!

आता तुमच्या कुत्र्याचा हिशेब तपासा. तुम्ही त्याला हाक कधी मारता? घरी निघताना. म्हणजे हाक आली की पट्टा आला आणि खेळ खलास. हे त्याला कोणी शिकवलं? तुम्हीच! आणि या ‘शिकण्याचं वय गेलेल्या’ प्राण्याने तो धडा किती चोख पाठ केलाय!

तर धडा बदलू या. छातीपट्ट्याला दहा मीटरची दोरी बांधा. तो जवळपास हुंगत असताना एकदाच हाक मारा. मान वळताच ‘शाब्बास!’ म्हणा, अगदी त्याच क्षणी. जवळ आला की गळपट्टा हलकेच धरा, एक घास द्या आणि लगेच म्हणा, ‘पळ!’ ऐकल्याबद्दल पुन्हा धाव? त्याचा विश्वासच बसणार नाही. हळूहळू अंतर वाढवा, मग आजूबाजूची गडबड. दोरी काढायची ती मात्र कुंपणाच्या आतच. समोरून मांजर निघालं तर पिढ्यांची शिकारी सवय उसळणारच.

आणि उशिरा आला म्हणून कधीही ओरडू नका. आपण पाच मिनिटांपूर्वी ऐकलं नाही, हे त्याच्या गावीही नसतं. ‘जवळ गेलो की बोलणी बसतात’ एवढंच तो शिकतो. हा सगळा सराव ऊन चढण्याआधी उरका. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना, बाकी उष्णता धापा टाकूनच बाहेर काढावी लागते.

उद्या सकाळी दहा वेळा हाक मारा आणि नऊ वेळा त्याला पुन्हा पळू द्या. घरी न्यायचं ते फक्त दहाव्या हाकेला.