रात्रभर चालणारा जनरेटर



दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा भागातली पावरा आणि भिल्ल कुटुंबे कामासाठी डोंगर उतरतात आणि होळीला परततात. काही ऊसतोडीला जातात, काही शहरांतल्या बांधकामांवर. यंदा जानेवारीत पुण्याजवळच्या अशाच एका लेबर कॅम्पमध्ये मी दोन रात्री मुक्काम केला. पत्र्याच्या 60 खोल्या, मधे पाण्याची टाकी, टोकाला संडास आणि खोल्यांच्या पाठीला लागूनच जनरेटर. झोप कसली लागते!

निघण्यापूर्वी आपल्या एका देणगीदारांनी मला विचारले होते, "कार्बन कमी करायचा म्हणजे या गरिबांच्या खोलीतला पंखासुद्धा काढायचा का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर कॅम्पमध्येच मिळाले.

हिशेब साधा आहे. प्रत्येक खोलीत 9 वॉटचा दिवा आणि 50 वॉटचा पंखा धरला, तर 60 खोल्यांना साडेतीन किलोवॉट वीज पुरते. रात्रीचे 10 तास धरले तर 35 युनिट. पण जनरेटर आणलेला असतो क्रेन आणि मिक्सरसाठी, मोठा. एक पोते पोचवायला अख्खा ट्रक धाडावा तसे हे. एवढ्याशा कामालाही तो तासाला 3 लिटर डिझेल खात असेल, तर रात्रीचे 30 लिटर झाले. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे रात्रीला 80 किलो. तीच 35 युनिट वीज महावितरणच्या तारेतून घेतली, तर आपली बरीचशी वीज कोळशाची असूनही 25 किलोच्या आसपास भरते. पंखा कोणाचाच काढावा लागत नाही.

मग जोडणी का घेत नाहीत? साइटच्या साहेबांना विचारले. अर्ज, अनामत, तात्पुरत्या जोडणीचा चढा दर, आणि "कॅम्प वर्षभरात हलणार, ताई." खरे कारण मला वेगळे वाटते. डिझेलचा खर्च साइटच्या मोठ्या बिलात मिसळून जातो, खोल्यांसाठी किती जळले हे कोणी वेगळे मोजतच नाही. आधी तेवढे एक मीटर लावले तरी डोळे उघडतील. जिथे तार पोचतच नाही तिथे छोटा जनरेटर, किंवा सौर पॅनेल आणि बॅटरी. पॅनेल उचलून पुढच्या साइटवर नेता येतात. पाळणाघराला तर वीज दिवसाच लागते, तिथे पॅनेल सर्वांत सोयीचे.

आता चूल. बायका सेंट्रिंगच्या तुटक्या फळ्या आणि प्लायवूड जाळतात. त्यात डिंक असतो, वर शटरिंगचे तेल लागलेले. एक पावरा आई मला म्हणाली, "बाई, गावच्या लाकडाचा धूर असा घशाला लागत नाही." तिचे दोन वर्षांचे बाळ रात्रभर खोकत होते. त्या धुरातली काजळी हवामानही तापवते, पण मला आधी ते बाळ दिसते. 5 किलोचा छोटा गॅस सिलिंडर राहत्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. हे त्या कॅम्पमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते, मुकादमालाही नाही.

पत्र्यांवर पांढरा चुना फासला तरी खोली कमी तापते. त्याला काय खर्च येतो?

यातले काहीच उपकार म्हणून मागायचे नाही. 1996 मध्ये बांधकाम कामगारांचा कायदा झाला, तेव्हाच राहायला विनामूल्य जागा, स्वयंपाकाची वेगळी सोय, पिण्याचे पाणी, संडास आणि 50 हून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरली. कार्बनचे निमित्त करून कोणी या सोयी कापू लागला, तर मात्र आपण आडवे पडायचे.

आपल्या मंडळ्यांत इंजिनियर आहेत, ठेकेदार आहेत. अनेकांनी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले आहे. कधी मंडळीच्या सभागृहाचेच काम निघते. तिथे गेल्यावर सँपल फ्लॅट पाहून परतू नका, मागच्या खोल्यांपर्यंत जा आणि रात्री वीज कुठून येते ते विचारा.

त्या साइटवरून परवा फोन आला. जोडणीचा अर्ज दिला आहे आणि 11 कुटुंबांनी छोटे सिलिंडर घेतले आहेत. जनरेटर अजून तिथेच आहे, फक्त खोल्यांपासून लांब हलवला.