माळ्यावरचा फुत्कार

संत कान्हूराज पाठकांचं केंदूर, शेजारचं पाबळ, पलीकडचं कान्हूर मेसाई. शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यात दगडमातीची जुनी घरं अजून उभी आहेत. सागवानी तुळया, कडीपाट, त्यावर अंधारा माळा आणि माथ्यावर कौलं किंवा पत्रा. अशा एखाद्या माळ्यावरून रात्री लांबलचक, खरखरीत ‘श्श्श्श’ ऐकू यायला लागतं. थांबतं, पुन्हा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. घरात एकच चर्चा: वर साप आहे, आणि चांगला मोठा आहे.

पण साप असा रात्रभर फुत्कारत बसत नाही. कुणी अंगावर आलं तरच तो फुत्कारतो. रोज रात्री, तासन् तास हा आवाज येत असेल तर वर बहुधा गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत, आणि त्यांना भूक लागली आहे.

छपरात बिनबोलावता राहायला येणारे इतरही असतात. कुरतडण्याची खुडबुड असेल तर उंदीर. दिवेलागणीला बारीक चिवचिव होऊन फटीतून एकामागून एक सावल्या बाहेर पडत असतील तर वटवाघळं. पत्र्यावर धपकन उडी पडून मग जड पावलांची पळापळ झाली तर उदमांजर. या सगळ्यांविषयी लिहिण्यासारखं आहे, पण माळ्यावरच्या त्या फुत्कारात जे दडलंय ते कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

गव्हाणी घुबड घरटं बांधत नाही. कोरडा, अंधारा, निवांत कोपरा मिळाला की मादी तिथेच पांढरी अंडी घालते, साधारण चार ते सात. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने पडतात आणि मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे महिन्याभराने पिल्लंही त्याच अंतराने बाहेर येतात. थोरलं अंगाने चांगलं भरलेलं आणि धाकटं नुकतं डोळे उघडणारं, अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी भावंडं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेली असतात.

आता अडचण अशी की आई-बाप एका खेपेला एकच उंदीर आणतात. तो वाटून घेता येत नाही, एकच पिल्लू अख्खा गिळतं. मग तो कुणाचा? स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाचे अलेक्झांडर रूलां यांनी याच प्रश्नाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. आई-बाप शिकारीला गेलेले असतानाच पिल्लं आपसात आवाज काढत राहतात. ज्याला जास्त भूक, ते जास्त वेळा आणि जास्त लांब ओरडतं. ते ऐकून ज्यांचं पोट त्यामानाने भरलेलं आहे ती भावंडं गप्प होतात आणि पुढचा उंदीर आला की त्याच्यासाठी झटत नाहीत. एवढंच नाही, कधी कधी थोरलं पिल्लू आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्याला देऊन टाकतं. ज्या आवाजाने आपली झोप मोडते तो भुकेचा हिशेब आहे, आणि तो मारामारी न करता मिटवला जातो!

तिकडे शेतात बाप काय करत असतो, तेही थक्क करणारं आहे. त्याचे दोन कान एका पातळीत नसतात. डावं छिद्र थोडं वर, उजवं थोडं खाली. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा आवाज गोळा करून या कानांकडे वळवतो. खालून आलेला आवाज एका कानात किंचित मोठा, वरून आलेला दुसऱ्यात. डावी-उजवी बाजू कळते ती आवाज कोणत्या कानात आधी पोचला यावरून, आणि हा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका असला तरी त्याला पुरतो. रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मिट्ट काळोख्या खोलीत कागदाचा खसखसणारा बोळा ओढून पाहिला. घुबडाने नेमकी त्या बोळ्यावर झडप घातली! हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगभर गाजले. १९७८ मध्ये एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी दाखवून दिलं की घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा चक्क नकाशा असतो, प्रत्येक दिशेसाठी वेगळ्या पेशी.

हे सगळं कशासाठी, ते माळ्यावरच पाहायला मिळतं. घुबड हाडं आणि केस पचवत नाही, त्यांची गुठळी करून तोंडावाटे टाकून देतं. ताजी गुठळी काळी, चकचकीत असते. वाळली की राखाडी होते. हातमोजा घालून ती पाण्यात सोडवा. केसांच्या लगद्यातून नखाएवढ्या कवट्या निघतात. पुढचे दात पिवळे-नारिंगी असतील तर तो उंदीर, पांढरे आणि टोकदार असतील तर चिचुंद्री. एकाच गुठळीत दोन-तीन कवट्या सहज सापडतात. बाजरीच्या कणग्या कोण राखतंय, याचा हा पुरावा.

तरीही घुबड घरात नको असतं. अपशकुनाची भीती असते, आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात ती वेगळीच. ती भीती घालवण्यासाठी इला फाउंडेशनने २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या पिंगोरीला, पुरंदर तालुक्यात, घुबडांचा उत्सव भरवला. माझ्या मते ते काम गावोगावी व्हायला हवं.

घाण आणि वास मात्र खराच असतो, तो सोसा असं मी म्हणणार नाही. पण पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून दोन-अडीच महिन्यांत उडून जातात. तेवढे दिवस माळ्याखाली जुनी ताडपत्री बांधा. धुरी देऊ नका, पिल्लं आत असताना भोक लिंपू नका. ती आत कुजतील आणि वास दुप्पट होईल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हाही आहे. शेतात ब्रोमॅडिओलोनसारखं सावकाश मारणारं विष टाकू नका, कारण ते खाऊन झिंगलेला उंदीर घुबडाच्या हाती आधी लागतो. पिल्लं गेली की गोठ्याजवळच्या झाडावर दहा-बारा फुटांवर लाकडी पेटी लावा. तिचं भोक तळापासून दीड फूट वर ठेवा, म्हणजे पिल्लं खाली पडत नाहीत. मग एखाद्या रात्री, आत कुणी नाही याची खात्री करून, माळ्याचं भोक जाळीने बंद करा. पिल्लू खाली पडलं किंवा जखमी दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि कुणी येईपर्यंत त्याला खोक्यात अंधारात ठेवा, दूध पाजू नका.