सुरीचा दगड, वस्तऱ्याचा दगड

ओल्या फडक्यावर चार दगड मांडलेले आहेत, पाचवा बादलीत बुडून बुडबुडे सोडतो आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्याची ओसरी, रविवारची सकाळ. अण्णांचं सलून आता मुलगा चालवतो. तिथे गिऱ्हाइकाला बदलायच्या पात्याचाच वस्तरा लागतो. पोलादी, घडीचा वस्तरा अण्णा फक्त स्वतःच्या दाढीला धरतात. तसा एक पुतण्याला हवा आहे. तो हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, सुऱ्या त्याच्याकडे आहेतच. दोन्हींना चालतील असे दगड निवडायचे म्हणून आलाय, आणि मोबाइलवर बारा हजार ग्रिटचा महागडा दगड काढून ठेवलाय.

अण्णा मोबाइलकडे बघतही नाहीत. "तुझा हजारचा दाखव आधी."

पुतण्या पिशवीतून दगड काढतो. अण्णा त्यावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा ओढतात, पाणी शिंपडतात आणि हिऱ्याच्या कणांच्या सपाट प्लेटवर तो हलक्या हाताने फिरवतात. कडेच्या रेघा लगेच पुसल्या जातात. मधल्या तशाच राहतात.

"मध्ये खोल गेलाय."

"पण अण्णा, सुऱ्यांना धार येते की यावर!"

"येणारच. सुरीचा कोन तुझं मनगट धरतं. वस्तऱ्याचा कोण धरतो? त्याची पाठ."

ते वस्तरा दगडावर आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतूनच धारेचा कोन ठरतो, दोन्ही बाजू मिळून साधारण 16-17 अंश. सुरीला एकेका बाजूलाच 15 ते 20 अंश असतात. मी वाकून बघतो. खोल गेलेल्या जागी धारेखालून बारीक उजेड दिसतो आहे. तेवढा भाग दगडाला लागणारच नाही, आणि दाढी करताना नेमका तोच केस ओढेल. इतकं साधं कारण, पण ते डोळ्यांनी दिसल्यावर विकत घ्यायच्या वस्तूंचा क्रमच बदलतो.

प्लेटवर दगड घासून सपाट होईपर्यंत पुतण्याचे हात राखाडी चिखलाने माखतात. मग सुरी. हजारवर एका बाजूने घासून दुसऱ्या बाजूला उलटलेली कड बोटाला लागेपर्यंत, मग बाजू बदलून. त्यानंतर तीन हजारचा दगड, आणि थांबायचं. टोमॅटोची साल नुसत्या वजनाने कापली जाते. आठ हजारवरही घासू का, असं तो विचारतो, तेव्हा अण्णा मान हलवतात. मलाही हे पटतं: रोजच्या भाजीच्या सुरीला धारेवर थोडे बारीक दात हवेत. फार गुळगुळीत केलेली सुरी टोमॅटोवरून घसरते.

आता वस्तरा. हजारवर फक्त धारेचा पाया घालायचा. पाया बिघडलेला नसेल तर दर वेळी हजार नकोच. मग तीन हजार, मग आठ हजार. मधे अण्णा पातं धुतात, हात धुतात, फडकंसुद्धा बदलतात. हजारच्या दगडातले कण 12 ते 15 मायक्रॉनचे, आठ हजारचे एक-दीड मायक्रॉनचे. वरच्या दगडावर खालचा एक कण जरी गेला तरी धारेवर ओरखडा उमटतो. हे आकडे जपानी मापाचे आहेत. अमेरिकेचं, युरोपचं मोजमाप वेगळं, त्यामुळे नुसता आकडा बघून दोन देशांचे दगड ताडून पाहू नयेत.

शेवटचा दगड पिवळसर, बेल्जियमच्या आर्डेन डोंगरातला. याला नंबरच नाही. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात. छोट्या तुकड्याने घासलं की वर ताकासारखं पाणी येतं आणि दगड झपाट्याने कापतो. साधं पाणी घालत ते पातळ केलं की कापणं मंदावतं, चकाकी चढते. अण्णा थेंब थेंब पाणी सोडतात. वस्तऱ्यावर दाब जवळजवळ नाहीच. मग चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर मागे. इथे उलटं केलं तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते.

हातावरचे केस आवाज न करता उतरतात. पुतण्या मोबाइल उघडतो, बारा हजारचा दगड यादीतून काढतो, हिऱ्याची प्लेट घालतो. हजार आणि तीन हजार सामायिक राहणार. आठ हजारचा एक नवा, तोही फक्त वस्तऱ्यासाठी.

तुम्हालाही दोन्ही करायचं असेल तर पहिले पैसे सपाट करायच्या प्लेटवर घाला, आणि वस्तऱ्याच्या शेवटच्या दगडावर सुरी कधीही टेकवू नका.