मांजरे-कुत्री पाठ करून इंग्रजी येत नाही

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत वाढून, मराठी शाळेत शिकून, रुळांपलीकडच्या महापेतल्या कार्यालयांत नोकरीला लागणाऱ्या मुलांच्या मनात एक समज घट्ट असतो: वाक्प्रचार जितके जास्त पाठ, तितके इंग्रजी चांगले. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे शब्दांची चणचण नसते. नेमका म्हणूनच हा समज नडतो. प्रत्येक यादीत हमखास असणारे 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आजच्या बोलण्यात क्वचित येते, जोराच्या पावसाला लोक साधे 'पोअरिंग' म्हणतात. उलट 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'टर्न डाउन' ही क्रियापदे रोजच्या ईमेलमध्ये असतात. त्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा, पण एकत्र आले की अर्थ पुढे ढकलणे, सहन करणे, नाकारणे. खरे अवघड वाक्प्रचार हेच, आणि यादीत त्यांना जागा मिळत नाही.

दुसरा समज असा की मराठीत शब्दशः उतरवून पाहिले की अर्थ लागतो. कधी लागतोही: पाठ फिरवणे, नाक खुपसणे दोन्हीकडे जवळपास सारखेच. पण त्या भरवशावर 'पुलिंग युअर लेग' ऐकले तर घात होतो. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे कुणाच्या प्रगतीत आडवे येणे. इंग्रजीत ती नुसती थट्टा. साहेबाने केलेली गंमत मग आरोप वाटते. म्हणून वाक्प्रचार निव्वळ निरर्थक असतात, घोकण्यावाचून इलाज नाही, असे मात्र नाही. ते कुठल्या क्षेत्रातून आले हे कळले की बरेच उलगडतात. अमेरिकी ग्राहकाचे 'बॉलपार्क फिगर', म्हणजे अदमासे आकडा, आणि 'टच बेस', म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे, हे बेसबॉलमधले. क्रिकेटमधले 'स्टिकी विकेट', म्हणजे अडचणीची स्थिती, आपल्या मुलाला पटकन कळेल, अमेरिकी माणूस चाचपडेल. मूळ क्षेत्र सांगून शिकवलेले वाक्प्रचार जास्त लक्षात राहतात, असे भाषाशास्त्रज्ञ फ्रँक बूर्स यांच्या संशोधनात दिसले आहे. फक्त मूळ खरे हवे. गवती छपरावरून कुत्री-मांजरे घसरून पडत, ही गोष्ट १९९९ च्या सुमारास ईमेलमधून पसरलेली थाप आहे. त्या वाक्प्रचाराचे मूळ आजही निश्चित नाही.

यावर कुणी म्हणेल, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत वाक्प्रचार विचारतातच. विचारतात, त्या पेपरपुरती यादी जरूर पाठ करावी. पण तिथे पर्याय समोर दिलेले असतात, फोनवर नसतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: समोरचा परदेशी माणूस वाक्प्रचारांतच बोलत असेल तर? तर ते समजायला हवेत, वापरायलाच हवेत असे नाही. आणि न समजणे ही परक्यांचीच उणीव नव्हे. 'टेबल करणे' म्हणजे ब्रिटिशांना विषय चर्चेला घेणे, अमेरिकनांना तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका बैठकीत याच शब्दावरून दोन्ही बाजू बराच वेळ भांडल्या आणि मग कळले की त्यांना एकच गोष्ट हवी होती; चर्चिल यांनीच हे लिहून ठेवले आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांची ही गत, तर महापेतल्या नव्या मुलीने संकोच का करावा? सगळे शब्द ओळखीचे आणि तरी वाक्य बसत नसेल, तर तिथे वाक्प्रचार आहे असे धरावे, पुढचे वाक्य ऐकावे, आणि तरीही शंका उरली तर सरळ विचारावे: तुम्ही विषय आज घ्यायचा म्हणता, की पुढे ढकलायचा?