हेस्टरची सुई
नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. हेस्टर प्रिनच्या छातीवरचे लाल ‘ए’ हे अक्षर व्यभिचाराचे. पण तो शब्द कादंबरीत एकदाही येत नाही. म्हणून मी कायद्याकडे वळलो. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा अक्षराचा कायदा झाला १६९४ साली : दोन इंची ‘ए’, अंगावरच्या कपड्याहून वेगळ्या रंगाच्या कापडाचा, दंडावर वा पाठीवर शिवलेला, आणि तो स्त्रीपुरुष दोघांनाही! कथा मात्र घडते १६४०च्या दशकात. तेव्हा बॉस्टनमध्ये या गुन्ह्याला फाशी होती. १६४४ मध्ये एका स्त्रीला आणि एका पुरुषाला ती झालीही. हॉथॉर्नने नंतरचा कायदा मागे नेला आणि अक्षर एकट्या हेस्टरला दिले.

तिने त्यावर सोनेरी जरीचे भरतकाम केले. त्याच सुईवर तिचे आणि चिमुकल्या पर्लचे पोट चालते. गव्हर्नरच्या गळपट्टीवर, तान्ह्याच्या अंगड्यावर, प्रेतवस्त्रावरसुद्धा तिचे टाके प्युरिटन गावाला चालतात. (सोवळ्याचे हे गणित आपल्यालाही अनोळखी नाही.) फक्त नवरीच्या मुखवस्त्राचे काम तिच्याकडे कधीच येत नाही. डिम्सडेलच्या पश्चात्तापावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. मी अडलो तो या मुखवस्त्रापाशी.