न्यायाच्या खुर्चीला भेट कशाला?

खाप्याच्या माणसाला कोर्टाची पायरी चढायची तर रोजी बुडवूनच चढावी लागते. विणकर असो, गुमगावच्या मँगनीज खाणीतला कामगार असो, की कन्हानकाठचा शेतमजूर असो, तारखेच्या दिवशी सकाळची गाडी धरून तो सावनेरला जातो. प्रकरण वर गेले तर नागपूर. दिवसभर बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. अशा वेळी कुणीतरी कानाशी लागतो, "साहेबांचं काही पाहावं लागेल." बहुतेक वेळा साहेबांना यातले काहीच ठाऊक नसते. मधलाच माणूस त्यांच्या नावावर पैसे खातो. तरी गरिबाचा त्यावर विश्वास बसतो. का बसतो? कारण मोठ्यांच्या घरी भेटी जातात आणि मग कामे होतात, हे त्याने जन्मभर पाहिलेले असते.

म्हणून न्यायाधीशांनी घेतलेल्या भेटींचा प्रश्न हा दिल्ली-मुंबईच्या वकिलांपुरता नाही. तो आपल्या वस्तीचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, भेट म्हणजे काही लाच नव्हे. खरे आहे. लाच कामाचा मोबदला म्हणून दिली जाते. भेट त्या दिवशी काहीच मागत नाही, ती नुसती ओळख ठेवते. पण ओळख ठेवायला पैसा लागतो. ज्याच्याजवळ द्यायला काहीच नाही, त्याची बाजू न्यायासनापुढे बरोबरीची राहायची असेल तर एकच मार्ग आहे : न्यायाधीशाने कुणाकडूनच काही घेऊ नये.

कोर्टाने आपल्याला काय दिले

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. पाण्याचा दावा मात्र खालच्या कोर्टापासून वरपर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. समोरच्यांकडे पैसा होता, मान होता, गाव होते. आपल्याकडे बाबासाहेब होते आणि कायदा होता. त्या खुर्चीवरची माणसे कुणाच्या उपकाराखाली असती तर?

पण बाबासाहेबांनी न्यायाधीशांना देव्हाऱ्यात बसवले नाही. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी अखेर माणूसच असतात, सर्वसामान्यांचे दोष आणि पूर्वग्रह त्यांच्यातही असू शकतात. न्यायाधीश माणूस आहे म्हणूनच त्याच्यासाठी नियम हवा.

मुंबईचे प्रकरण

आपले नागपूर खंडपीठ ज्या मुंबई हायकोर्टाचे, त्याचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर १९९५ साली वादळ उठले. मुस्लिम कायद्यावरील त्यांच्या पुस्तकाच्या परदेशी हक्कांसाठी लंडनच्या एका प्रकाशकाने त्यांना ८० हजार डॉलर दिले होते. अशा पुस्तकाला एवढे मानधन कुणी देते काय, असा वकिलांचा सवाल होता. बॉम्बे बार असोसिएशनने राजीनाम्याची मागणी करणारा ठराव केला आणि एप्रिलमध्ये न्यायमूर्ती पायउतार झाले. आरोप कोर्टात सिद्ध झाला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. ५ सप्टेंबर १९९५ च्या निकालात न्या. के. रामस्वामी यांनी दोन गोष्टी सांगितल्या. न्यायाधीशाचे चारित्र्य संशयापलीकडचे असले पाहिजे, ही एक. दुसरी अशी की वकिलांच्या संघटनेने ठराव करून न्यायाधीशाला राजीनामा द्यायला भाग पाडणे योग्य नव्हे. तक्रार मुख्य न्यायमूर्तींकडे न्यावी, आणि ती त्यांच्याचविरुद्ध असेल तर सरन्यायाधीशांकडे.

दुसरी गोष्ट आपणही ध्यानात ठेवावी. दबावाने न्यायाधीश हलवता येऊ लागला तर उद्या सर्वांत मोठा दबाव गावातल्या धनदांडग्यांचाच असेल, आपला नव्हे.

नियम आहे, नोंद कुठे?

७ मे १९९७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी आपल्या वर्तनाचे सोळा नियम स्वीकारले. कुटुंबीय, जवळचे नातेवाईक आणि मित्र यांच्याखेरीज कुणाकडून भेट किंवा पाहुणचार घेऊ नये, असा त्यात स्पष्ट नियम आहे. १९९९ साली अंतर्गत चौकशीची पद्धतही ठरली. पण हे सारे न्यायाधीशांनीच न्यायाधीशांसाठी ठरवलेले आहे. मोडले तर काय, याचे उत्तर बंद दाराआड राहते. दारावरची पाटी म्हणजे महाभियोग. तो १९९३ साली न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्ध लोकसभेत आला. १९६ खासदारांनी बाजूने मत दिले, २०५ तटस्थ राहिले आणि ठराव पडला.

१३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालाने सरन्यायाधीशांचे कार्यालय माहितीच्या अधिकाराखाली आले. १ एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी आपली मालमत्ता लोकांसमोर ठेवण्याचे ठरवले आणि मे महिन्यात अनेकांचे तपशील प्रसिद्धही झाले. याचे स्वागत केले पाहिजे. परंतु मालमत्ता सांगणे वेगळे आणि भेटी सांगणे वेगळे. कुणाच्या बंगल्यावर मुक्काम केला, कुणाच्या खर्चाने प्रवास केला, हे मालमत्तेच्या यादीत येत नाही.

अमेरिकेत भेटी दरवर्षी लिहून देण्याचा कायदा १९७८ पासून आहे. तरीही न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी वीसहून अधिक वर्षे एका धनाढ्य मित्राच्या खर्चाने सहली केल्या आणि त्या नोंदवल्या नाहीत, हे २०२३ साली वृत्तपत्रीय शोधातून बाहेर आले. अशा खासगी पाहुणचाराची नोंद लागत नाही असा सल्ला मिळाला होता, असे ते म्हणाले. त्याच नोव्हेंबरात तेथील सुप्रीम कोर्टाने आचारसंहिता काढली, पण ती मोडणाऱ्याचे काय करायचे ते त्यात नाही. थॉमस कृष्णवर्णीय आहेत, गरिबीतून वर आलेले आहेत. आपल्याला यातून एवढेच शिकायचे की नियम लावताना "आपला माणूस" म्हणून सूट नको. उद्या आपलाच मुलगा किंवा मुलगी त्या खुर्चीवर बसेल, तेव्हाही नको.

धम्म काय सांगतो

धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गामागे एक कथा सांगतात. श्रावस्तीत पाऊस आला म्हणून भिक्खू न्यायसभेच्या आडोशाला थांबले. तेथे न्यायाधीश लाच घेऊन खऱ्या मालकाची मालमत्ता दुसऱ्याला देताना त्यांनी पाहिले. भगवंतांनी सांगितले की निवाड्याच्या आसनावर बसला म्हणून कुणी धम्मात स्थित होत नाही. दोन्ही बाजू तोलून समभावाने निर्णय देतो तोच धम्मस्थ. सिगालोवाद सुत्तातही माणूस चार गोष्टींनी वाट चुकतो असे म्हटले आहे : आसक्ती, द्वेष, मोह आणि भय. भेट पहिल्या दाराने आत येते.

"मी चोरी केली नाही, दिलेलेच घेतले," असे कुणी म्हणू शकेल. पण दिले कुणाला? माणसाला की खुर्चीला? खुर्ची गेल्यावर ज्या भेटी बंद होतात, त्या माणसाच्या नव्हत्याच.

आपण काय करावे

कोर्टात "साहेबांच्या नावाने" कुणी पैसे मागितले तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाविरुद्ध खरीच तक्रार असेल तर ती पुराव्यानिशी, शपथपत्रासह हायकोर्टाकडे पाठवा. नुसती कुजबुज करू नका. निकाल विरुद्ध गेला म्हणजे न्यायाधीश विकला गेला असे नव्हे. त्यावर अपील आहे.

आणि मागणी एकच लावून धरू : खालपासून वरपर्यंत प्रत्येक न्यायाधीशाने घेतलेल्या भेटी कायद्याने नोंदवाव्यात आणि ती वही लोकांना पाहता यावी. रोजी बुडवून बाकावर बसलेल्या माणसाला एवढे कळण्याचा हक्क आहे की समोरच्या खुर्चीवर कुणाचे देणे नाही.